वैशाखातली पोर्ट वाईन

प्रिय मुक्ता आणि निखिल,

तुमच्या मित्राने आणून दिलेली बाटली पोचली. फुटली नाही, सांडली नाही. बिचाऱ्याने ती विमानात मांडीवर घेऊन आणली म्हणे, आणि इथे आल्यावर मला नमस्कार करताना ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. निखिल, तू सोबत लिहिलं आहेस, "आजी, घाबरू नकोस, ही औषधासारखीच असते." मुक्ता, तू फोनवर विचारलंस की पोर्ट आणि शेरी यांतला फरक सोलापूरच्या आजीला कसा काय माहीत. फोनवर देण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून लिहिते आहे. पुढे कधीतरी लिहीन, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. माझ्या हृदयाबद्दल डॉक्टर तुमच्या बाबांशी फोनवर, माझ्यासमोरच, इंग्रजीत बोलले. म्हाताऱ्या बाईला इंग्रजी कळत असेल, ही शंका तरुण डॉक्टरांना येत नाही.

शिवाय वैशाख लागला आहे. सकाळी अंगणात पाय ठेववत नाही आणि दुपारी भिंतीला हात लावला तर तापलेल्या तव्याची आठवण होते. हे ऊन दर वर्षी परत येतं आणि दर वर्षी मला सन तीसच्या उन्हाळ्यात नेऊन बसवतं.

मी क्रमाने लिहिणार आहे. आधी वस्तूची ओळख, मग ती कशी घ्यायची, आणि मग माझं जे काही असेल ते. क्रम मध्येच मोडला तर सांभाळून घ्या.

साधी वाईन म्हणजे द्राक्षांचा रस आंबवलेला. आंबताना त्यातली साखर हळूहळू संपते आणि तिची नशा होते. पोर्ट करणारे पोर्तुगालवाले हे काम पुरतं होऊ देत नाहीत. रसात अजून गोडी शिल्लक असतानाच ते त्यात द्राक्षांचीच गाळलेली कडक दारू ओततात. आंबणं तिथल्या तिथे थांबतं. गोडी राहते आणि जोर वाढतो. शेरीवाल्यांची रीत उलटी आहे. ते रस पुरता आंबू देतात, साखर संपू देतात, आणि मग वरून जोर घालतात. म्हणून अस्सल शेरी बहुधा कोरडी लागते, गोड नाही. फरक इतकाच की थांबवायचं कधी. कॉलेजात इंग्रजी शिकवताना कादंबरीत कोणीतरी जेवणानंतर पोर्ट घेत असे, आणि मुली विचारत, "बाई, पोर्ट म्हणजे बंदर ना?" मग मी हे सगळं फळ्यावर मांडून दाखवी. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुम्ही घेतलीय का?" वर्ग खदखदून हसला. मीही हसले आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

हा जोर मुळात घालू लागले तो प्रवासासाठी. साधी वाईन जहाजावर महिनोन्महिने टिकत नसे. मदेइरा नावाच्या बेटावरची वाईन तर पिंपात बंद होऊन उष्ण समुद्र ओलांडून आली की आधीपेक्षा चांगली लागे. तेव्हापासून ती मुद्दाम उबेत मुरवतात. अशी उन्हाला न भिणारी वाईन आमच्या गावात पोचली यात नवल नाही. वैशाखात इथे दुसरं काय टिकणार? दूध दुपारपर्यंत टिकत नसे. ताई टिकली नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, इंदू. लग्न होऊन अक्कलकोटला दिलेली. त्या फाल्गुनात तिच्या सासऱ्यांनी तिला टांग्यातून आणून आमच्या दारात उतरवलं. "हवापालट होईल," म्हणाले आणि पाणीसुद्धा न घेता गेले. ती खोकत होती आणि रुमाल मुठीत लपवत होती. त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. हवा, दूध, विश्रांती आणि देव, एवढंच होतं. तिचे यजमान एकदा येऊन उंबऱ्यापाशी उभे राहिले, आणि परत आले नाहीत. ताईने त्यांच्याबद्दल विचारलं नाही. सासरी ती कानडी शिकली होती. बरं वाटलं की तेवढ्यापुरती कानडीत बोले.

आई आधीच गेलेली. घर आत्या चालवत असे, आप्पांची विधवा बहीण. आप्पा, म्हणजे तुमचे खापरपणजोबा नव्हेत, पणजोबा, हायस्कुलात इंग्रजी शिकवत. (हे नातं मोजताना माझाही गोंधळ होतो.) ते खादी वापरत, सूत काढत, आणि दारूबंदीची शपथ घेववत. नुसती तोंडाने नव्हे. आमच्या मागच्या गल्लीत मागांचा खटखटाट दिवसभर चाले आणि पगाराच्या संध्याकाळी तो थांबला की बायकांचं रडणं ऐकू येई. शिंदीच्या, म्हणजे ताडीसारख्या दारूच्या, दुकानातून नवरा परत आलेला असे. आप्पांनी ते रडणं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. शाळेतल्या मुलांना रांगेत उभं करून, उजवा हात वर करून, ते वदवून घेत, "दारूला शिवणार नाही, घरात येऊ देणार नाही." घरी माझ्याकडून आणि ताईकडूनही त्यांनी ती घेववली होती. ताईने तेव्हा हात वर करून मला डोळा मारला होता.

त्या वैशाखात दारूबंदीच्या सत्याग्रहात गावाबाहेरची शिंदीची झाडं तोडली गेली. मग काय झालं ते इतिहासात आहे. गोळीबार झाला, आणि लष्कर आलं. पांढरी गांधीटोपी घातलेला दिसला की पकडून नेत. दिवेलागणीनंतर रस्त्यावर कुत्रीसुद्धा दबकून चालत. गिरणीचा भोंगा मात्र वेळेवर होई. त्या मुक्या गावात आमच्या माजघरात ताईचा खोकला फार मोठा वाटे.

डॉक्टर लोबो रोज येत. ते गोव्याचे, उंच, वाकलेले, रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते आणि परत जायला गावी कोणी नव्हतं म्हणून इथेच राहिले होते. ताईला ते गोव्याच्या रीतीने 'बाय' म्हणत. एके दिवशी त्यांनी आप्पांना अंगणात नेलं.

"मास्तर, बायला रोज संध्याकाळी थोडी पोर्ट वाईन द्या."

"दारू?"

"मी पोर्ट म्हटलं."

"डॉक्टर, मी पोरांकडून शपथ घेववतो. तुरुंगात गेलीत त्यातली काही. त्यांना काय तोंड दाखवू?"

"तोंड मला दाखवा. मी फी घेत नाही, तेवढं तरी करा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतःच्या घरातली बाटली आपल्या बॅगेतून आणली आणि कोनाड्यात ठेवून गेले. आत्याने ती कोनाड्यातून उचलून अंगणातल्या तुळशीपासून लांब, लाकडाच्या ढिगावर ठेवली. मग आप्पांनी तिच्याकडे बघत पुष्कळ विचार केला. ते शिकलेले होते, तर्काने चालणारे होते. त्यांनी तर्काने असा मार्ग काढला की आज मला तो आठवला तरी बसल्या जागी डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

"अक्का," ते आत्याला म्हणाले, "ती उकळ. चांगली निम्मी आटव. नशेचा अंश पाण्याच्या आधी उडून जातो. मग जे राहील त्यात द्राक्षांची ताकद असेल, दारू नसेल. शपथही मोडणार नाही."

आत्याला हे फार पटलं. आमच्या घरात आलेलं कुठलंही औषध ती उकळतच असे. अडुळसा, गुळवेल, सुंठ, जे येईल ते चुलीवर आणि निम्म्यावर आटवून. उकळल्याशिवाय वस्तूतला गुण बाहेर येतो, यावर तिचा विश्वास नव्हता. तिने बाटली पातेल्यात उपडी केली. घरभर असा वास सुटला की भांडी घासणारी यमुना हात ओले तसेच घेऊन दारात आली.

"आत्याबाई, लई ग्वाड वास येतुया. काय शिजतंय हो?"

"काढा आहे."

"कसला?"

"इंदूचा. तुला काय करायचंय?"

"न्हाय, असला काढा आसंल तर म्या बी आजारी पडते की! आमचा दादला दोन वर्सं खोकतुया, त्याला कुनी असला काढा दिला न्हाय."

"तुझा दादला पिऊन खोकतो."

"व्हय, पन तो कच्ची पितो," यमुना म्हणाली, "उकळून दिली आसती तर सुधरला आसता."

आत्याला हसू आवरलं नाही. त्या उन्हाळ्यात ती एकदाच हसलेली मला आठवते.

रोज दिवे लावायच्या वेळी ताईला त्या काळ्या पाकातले दोन चमचे मिळत. ती नाक दाबून गिळे. "करपलेल्या काकवीसारखं लागतं," म्हणे. मी शेजारी लिमलेटची गोळी घेऊन उभी असे. हे काही दिवस चाललं. आप्पा रोज विचारत, "आज जरा रंग बरा आहे ना?" आणि आम्ही रोज हो म्हणत असू. रंग मेणासारखा होत चालला होता.

मग एकदा डॉक्टर नेमके त्याच वेळी आले. त्यांनी चमचा पाहिला, वाटी हातात घेतली, बोट बुडवून चाखलं.

"आत्याबाई, हे काय आहे?"

"तुमचंच औषध. निम्मं आटवलंय."

आप्पांनी कारण समजावून सांगितलं, जसं वर्गात सांगत तसं. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ते ताईच्या खाटेपासून दूर, ओट्यावर जाऊन बसले. आप्पाही मागोमाग गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होते.

"मास्तर, तुमचं शास्त्र बरोबर आहे," ते म्हणाले. "नशा उडाली. वास उडाला. मजा उडाली. साखर राहिली. साखर काही वाईट नाही."

"मग गुण?"

"गुण कसला? ह्या रोगाला माझ्याकडे औषध नाही. कोणाकडेच नाही. मी ती औषध म्हणून दिली नव्हती. एकोणीस वर्षांची पोर दिवसभर छताकडे बघत पडते. संध्याकाळची तिला थोडी मजा वाटावी, म्हणून दिली होती."

मला वाटतं, ताई वाचणार नाही हे आप्पांना त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं. मलाही तिथेच कळलं, हातातला तांब्या गार लागत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मला म्हणाले, "चल." मी चपला घातल्या. खुंटीवरच्या टोपीकडे त्यांचा हात गेला आणि परत आला. पांढऱ्या टोपीला बंदी होती, आणि दुसऱ्या कुठल्या रंगाची ते घालणार नव्हते. तेव्हा ते बोडक्या डोक्याने निघाले. तुम्हांला यात काही वाटणार नाही. आमच्या काळी घरचं माणूस स्मशानात पोचवायला निघालेला पुरुषच बोडक्याने रस्त्यावर दिसे. वाटेत ओळखीची माणसं थबकत, त्यांच्या डोक्याकडे बघत, आणि विचारायला धजत नसत.

सदर बझारात साहेबलोकांना सामान पुरवणारं एक दुकान होतं. डब्यातलं लोणी, बिस्किटं, आणि आतल्या फळीवर बाटल्या. महिन्यापूर्वी आप्पांचेच विद्यार्थी त्या दुकानासमोर निरोधनाला, म्हणजे गिऱ्हाइकं अडवायला, उभे होते. दुकानदार त्यांना ओळखत होता. त्याने बाटली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली. आप्पांनी कागद सोडवून त्याला परत दिला.

"मास्टरसाब, रास्ते में लोगां देखेंगे," तो हळूच म्हणाला.

"बघू देत," आप्पा म्हणाले.

परतताना कोपऱ्यावरच्या पारावर त्यांचे दोन जुने विद्यार्थी बसले होते. एकाच्या हाताला पट्टी होती. तो उठून उभा राहिला.

"सर, टोपी कुटं गेली?"

"घरी आहे."

"आन् हातात काय हाय?"

आप्पा थांबले. औषध आहे, असं म्हणाले असते तर ते खोटंही झालं नसतं. ते म्हणाले, "दारू आहे. आमच्या इंदूसाठी."

पट्टीवाला खाली बघत राहिला. दुसऱ्याने घसा खाकरला. मग पट्टीवाला म्हणाला, "ताईस्नी बरं वाटू दे, सर," आणि आम्हांला वाट द्यायला जागा असूनही बाजूला सरला. घरी आल्यावर आप्पांनी हातपाय धुतले, बाटली स्वतः ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माठाशेजारी ठेवली. आत्या म्हणाली, "माठ विटाळेल." आप्पा म्हणाले, "विटाळू दे."

आता घेण्याची रीत. ही मला डॉक्टर लोबोंनी ताईला शिकवताना कळली, आणि पुढे तुमच्या बाबांकडे विलायतेत आले तेव्हा लोकांना बघून ती खरी ठरली.

पेला लहान घ्यावा आणि अर्धाच भरावा. उरलेली जागा वासासाठी असते. तांबडी पोर्ट फार गार नको, पण आपल्याकडच्या हवेत ती माठाच्या पाण्याइतकी तरी थंडावलेली हवी, नाहीतर नुसती नशाच नाकात जाते. हातात धरून थोडं थांबावं. आधी वास घ्यावा, घाई न करता. मग लहान घोट, आणि तो लगेच गिळू नये. जिभेवरून मागे जाऊ द्यावा. गिळल्यावर बोलू नये, कारण अजून काहीतरी यायचं असतं. सोबत खारट किंवा सुकं काहीतरी असावं, म्हणजे अक्रोड, अंजीर, जुनं चीज. फिकी शेरी मात्र चांगली गार करून जेवणाआधी घ्यावी, आणि उघडली की थोड्या दिवसांत संपवावी. लाकडी पिंपात मुरून पिंगट झालेली पोर्ट उघडल्यावरही बरेच आठवडे राहते. फार जुन्या बाटलीच्या तळाशी गाळ असतो. ती दिवसभर उभी ठेवून सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतावी, गाळ मागे ठेवावा. निखिल, तू पाठवली आहेस ती पिंगटच आहे. परवा उघडली. चांगली आहे. चार थेंबांपलीकडे मला झेपत नाही.

"बाय, ही औषध नाही," डॉक्टर ताईला म्हणाले होते. "तोंड वाकडं करशील तर पेला परत घेईन." त्यांनी बॅगेतून काचेचा इवलासा पेला काढला, पुसला, भरला, आणि खिडकीकडे धरून तिला रंग दाखवला. बाहेर ऊन उतरत होतं. ताई उशीला टेकून बसली. तिने वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही सगळे, आत्यासुद्धा, तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"छलो अद," ती म्हणाली. कानडीत म्हणजे, छान आहे.

मग तिला खारट काहीतरी हवं झालं. घरात अक्रोड कुठले? मी शेंगांची चटणी आणली. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली, वर घोट घेतला, आणि अशी हसली की तिला ठसका लागला. "डॉक्टर, तुम्ही घेऊन बघा!" डॉक्टरांनी घेतली. "बाय, पोर्तुगालात हे कोणाला सुचलं नाही," ते म्हणाले. "तिखटाने मेलो मी, पण त्यांना हे सुचलं नाही." आप्पा उठून अंगणात गेले.

अशा थोड्या संध्याकाळी मिळाल्या. ताई दुपारपासून केस नीट करून घेई. आत्या न सांगता पेला धुऊन ठेवू लागली. खोकला कमी झाला नाही, ताप उतरला नाही, वजन वाढलं नाही. वाईनने काहीही केलं नाही, हे तुम्हांला स्पष्ट सांगते, कारण घरात पुढे कोणी कोणी उलटं सांगत असे. कोणी म्हणे आधीच कच्ची दिली असती तर वाचली असती; कोणी म्हणे कच्ची दिली म्हणून गेली. दोन्ही खोटं. ती जाणारच होती.

मृगाचे ढग दिसायला लागले आणि तिला गिळवेनासं झालं. त्या संध्याकाळी मी पेला भरून नेला. तिने मानेनेच नाही म्हटलं, आणि बोट माझ्याकडे केलं.

"तू घे."

"मी शपथ घेतलीय, ताई."

"मीही घेतली होती. घे आणि मला सांग."

मी आप्पांकडे पाहिलं. ते दारात उभे होते. त्यांनी हो म्हणून मान हलवली नाही, नाही असंही केलं नाही. मी घोट घेतला.

"सांग."

"गोड आहे. मनुकांसारखी. थोडी चिंचेसारखी. घशाशी तिखट."

"मग?"

"मग छातीत ऊब येते."

"आणि नंतर?"

मी थांबून राहिले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. तोंडात ती चव हळूहळू कमी होत होती, पण पुरती जात नव्हती. मी तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, "अजून आहे?" मी म्हटलं, "आहे." थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा आहे म्हटलं. तेव्हा खरं तर ती गेलेली होती. मी चवीबद्दल बोलते आहे. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

शाळा उघडल्यावर आप्पांनी पुन्हा मुलांना रांगेत उभं करून शपथ दिली. मला त्यात विसंगती दिसत नाही. गल्लीतलं रडणं थांबलेलं नव्हतं. पुढे आत्या गेली, डॉक्टर लोबो गेले, आप्पा गेले. ते घर रस्ता रुंद करताना पाडलं. ताईचं छायाचित्र कधी काढलंच नाही. सासरच्यांनी तिच्या जागी लवकरच दुसरी आणली, आणि त्या घरच्या नातवंडांना तिचं नावही ठाऊक नसणार. मी गेल्यावर इथेही कोणाला नसेल.

एवढं अजून आहे: तिचं नाव इंदू होतं, आणि तिला ती चव आवडली होती.

तुमची,
आजी